डागाचे कातडे
मोहिमेवरून परतलेले पथक पुण्याजवळ गारपिरावरच्या छावणीत उभे होते. सरकारी घोडा मेला, तर डाग दिलेले कातडे पुरावा म्हणून दाखवायचे, नाहीतर घोडा विकल्याचा आरोप येई. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा एक बारगीर रिकाम्या हातांनी आला. “कातडे कुठे?” पागेचा हिशेब ठेवणाऱ्या पागनिसांनी विचारले. “घोड्यासकट पुरले, पंत. मागच्या स्वारीतही असाच एक घोडा नाकातून काळे रक्त येऊन मेला. तिघांनी तो सोलला, तिघांच्या हातांवर काळपुळी उठली आणि तिघेही गेले.” “शाप असेल.” “असेल. पण फक्त सोलणाऱ्यांनाच?” “म्हणजे विकलास. कितीला?” बारगिराची मान ताठच राहिली. तेवढ्यात सगळे पथक पुढे सरकले आणि प्रत्येकाने दोन्ही हात उघडून धरले. एकाही हातावर पुळी नव्हती. “एवढ्याला विकला, पंत,” हवालदार म्हणाला. पागनिसांनी शेवटच्या हातापर्यंत पाहिले. “भाव चांगला आला,” ते म्हणाले आणि बारगिराला नवा घोडा दिला.