रॉयसची पत्रं

रंगमंचावर डावीकडे पेट्रोल पंप होता, उजवीकडे हॉटेलचं काउंटर. व्हर्डीला आपलं हॉटेल ओळखूच येईना. इतकं चकचकीत ते कधीच नव्हतं.

"तव्यांवर ताल धरतायत बघ," शेजारी बसलेली नेल कुजबुजली. "आपण तवे आपटायचो ते भांडताना."

दोघी बहिणी खुदकन हसल्या. कॅरोलायनातल्या त्या हमरस्त्यावर दोघींनी एकतीस वर्षं हॉटेल चालवलं. नेल चुलीपाशी, व्हर्डी पुढे गिऱ्हाइकांत. रस्ता रुंद करायला हॉटेल पाडलं, तेव्हा भिंतीच्या फळीमागे पत्रांचा गठ्ठा सापडला. समोरच्या पंपावरचा रॉयस बँजो घेऊन गाण्यात नाव काढायला नॅशव्हिलला गेला, तिथून त्याने लिहिलेली पत्रं. पाकिटं नव्हती, नाव नव्हतं. नुसतंच 'लाडके'. पंपावर कॉफी घेऊन रोज व्हर्डी जायची, म्हणून गावाने ती तिचीच ठरवली. शाळेत संगीत शिकवणाऱ्या मेलबाने त्यांची गाणी केली आणि हे नाटक बसवलं.

व्हर्डी तेव्हा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

बँजो वाजला. रॉयस झालेला तरणा गडी गाऊ लागला, "लाडके, एक ओळ धाड, पुढच्या गाडीने परत येतो." कोणीतरी नाक ओढलं. शेवटच्या गाण्यात तो म्हणाला, "वर्ष झालं, तू गप्पच. तेच तुझं उत्तर समजतो." आणि बँजो थांबला.

लोक उभे राहिले. मेलबा फुलं घेऊन व्हर्डीला वर बोलावू लागली. व्हर्डी जागची हलली नाही.

"जा की! या वयात लाजतेस काय?" नेलने तिला कोपर मारलं. मग तिचा हात हातात घेतला. "मला राग नाही आला हं. जाताना मला म्हणाला होता, लिहीन म्हणून. किती वर्षं वाट बघितली मी! वेडीच. त्याचा जीव तुझ्यावर होता, हे पत्रं सापडली तेव्हा कळलं. बरं वाटलं गं, निदान खोटं तरी बोलला नाही, लिहिलं त्याने. पण तू उत्तर का नाही धाडलंस? सोन्यासारखा माणूस होता."

टाळ्या चालूच होत्या. व्हर्डीने बहिणीचा हात सोडवला.

"नेल, टपाल मी घ्यायचे. पत्रं तुझी होती."