शॉवरवरचे क्षार

नागसेनची कॉलेजातली मैत्रीण कल्याणी कॅम्परव्हॅन घेऊन एकटीच ऑस्ट्रेलियाभर हिंडत होती, आणि तिकडच्या पाण्याने तिच्या गाडीतल्या शॉवरवर पांढरे क्षार साचले होते. त्यासाठी या आठवड्यात हा परत व्हिडिओ कॉल. सिंगापुरात, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये भांडी विसळता विसळता मैत्रेयी आपल्या नवऱ्याचं मधाळ बोलणं ऐकत होती.

“पिशवीत व्हिनेगर ओत, ती शॉवरला रबरबँडने बांध आणि तासभर तशीच राहू दे,” नागसेन समजावत होता. स्वतःच्या घरात व्हिनेगरची बाटली कुठे असते, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

“अय्या, किती हुशार आहेस रे!” पलीकडून आवाज आला.

मैत्रेयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिंगापूरच्या पाण्याने आपल्या नळावर साधा डागही पडत नाही, याचं तिला आज पहिल्यांदाच वाईट वाटलं.

फोन ठेवून नागसेन खुशीत स्वयंपाकघरात आला. “बिचारी! तिला यातलं काही म्हणजे काही कळत नाही.”

“हो का? नोकरी काय करते रे ती?” मैत्रेयीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“केमिस्ट्रीची प्रोफेसर आहे. का गं?”