पितळी पाटी

मालकांनी चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास बशीसकट चालत्या इंजिनावर टेकवला, घड्याळात बघायला मान वळवली, आणि तेवढ्यात इंजिनाने एक उचकी दिली आणि ते बंद पडलं.

मालकांना पत्ता नाही. चाळीस वर्षांच्या धडधडाटात त्यांचे कान केव्हाच कामातून गेले होते. त्यांचा भरवसा फक्त चहावर. कारखान्याची ही जुनी परीक्षा होती. दहा मिनिटं ग्लास इंजिनावर राहिला आणि थेंब सांडला नाही, तर इंजिनाला कारखान्याची पितळी पाटी. सांडला, तर तिथे कोणाची भीडभाड नाही.

आजचं इंजिन मात्र कारखान्यात घडलेलं नव्हतं. मालकांच्या लेकीने, म्हणजे सगळ्यांच्या ताईने, परदेशातून अशी चारशे छोटी डिझेल इंजिनं मागवली होती. निम्मी किंमत, काखोटीला मारून न्यावीत इतकी हलकी. आपली पाटी लावायची आणि विकायची, बस. "पाटी नाही मिळाली तर खुर्ची सोडीन," असं ती सगळ्यांदेखत बोलून बसली होती. खुर्चीचं एक वेळ सोडा. सात वर्षांत तिच्या एकाही कामाला बाबांनी पाटी लावली नव्हती, आणि ते तिला फार लागलं होतं.

रंगीत तालमीबद्दल न बोललेलंच बरं. सहा ग्लास फुटले. सातव्या खेपेला इंजिन थरथरत थरथरत टेबलावरून उतरलं ते थेट फाटकापर्यंत गेलं आणि वॉचमनने त्याला गेटपास विचारला. म्हणून आज फोरमनकाकांनी त्याला चार बोल्टांनी टेबलाला जखडलं होतं.

आता ते जखडलेलं इंजिन मुकाट बसलं होतं आणि मालक चहावर वाकले होते. ताईने तोंड उघडलं. मग मिटलं. तिने फोरमनकाकांकडे असं काही बघितलं की त्या बिचाऱ्यांचा नाइलाज झाला. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, डोळे गच्च मिटले आणि अंगात आल्यासारखे हलायला लागले.

मग काय, सगळा विभाग लागला कामाला. स्टोअरकीपरने नसलेला धूर हातातल्या फाईलने वारला. फिटरने कानांत बोटं घातली. कॅन्टीनवाला उगाचच डिझेलच्या टाकीत डोकावून "भरपूर आहे" अशी मान हलवायला लागला. ताई स्टोअरकीपरच्या कानाला तोंड लावून ओरडल्याचा नुसता अभिनय करत होती, आणि तोही "काय, काय?" करत होता. मालकांची नजर चहावरून ढळली नाही.

दहा मिनिटं झाली. मालक ताठ उभे राहिले. बशी कोरडी होती. त्यांनी खिशातून पाटी काढली, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि लेकीकडे बघून हसले. सात वर्षं ती याच हसण्याची वाट बघत होती, आणि आता ते तिला बघवेना. तिने त्यांचा उजवा कान गाठला, जो त्यातल्या त्यात बरा होता.

"बाबा, इंजिन बंद आहे. तुम्ही ग्लास ठेवलात तेव्हाच पडलं."

विभागात एकदम शांतता पसरली. तशी ती आधीही होतीच, पण आता जाणवली.

मालकांनी चहावरची जाड साय बोटाने अलगद उचलून बशीत ठेवली. "चालत्या इंजिनावर साय धरत नाही गं. मी बघत होतो, तू सांगतेस कधी." त्यांनी गार चहा एका घोटात संपवला. "इंजिनं परत पाठव. खुर्ची राहू दे."

ताईचे डोळे भरून आले. पाटी मात्र अजून मालकांच्या हातातच होती. ते टेबलाच्या पलीकडे गेले. तिथे फोरमनकाका डोळे मिटून अजून हलतच होते. मालकांनी पाटी त्यांच्या शर्टाच्या खिशाशी धरून बघितली आणि स्क्रू-ड्रायव्हर लेकीच्या हातात दिला.

"यांना लाव. दहा मिनिटं एकसारखे चाललेत, आणि थेंबभर डिझेल मागितलं नाही."