अर्ध्या तासाचं अंतर

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत पाहणीच्या साहेबांची विमानं यवतमाळच्या माळावर सारखी उतरायची. साहेब यायचे, साहेब जायचे, बोंडं किडायची ती किडतच होती. धावपट्टी सांभाळणारे मधुसूदनराव या ये-जा करण्याला पार कंटाळून गेले होते.

त्यांचा जीव होता तो एकट्या साकेत वैमानिकावर. उडण्याआधी तो त्यांच्या खोलीत चहा प्यायचा आणि दारातून "येतो, काका" म्हणायचा. पलीकडच्या जंगलातली धावपट्टी विमानाने अर्ध्या तासावर. तिथली पट्टी सांभाळणाऱ्या नजीरचा, साकेत पोचल्याचा फोन आला, की मगच मधुसूदनराव डबा उघडायचे.

त्या दुपारी फोन वाजला.

"मधुभाऊ, पोचला तुमचा साकेत."

मधुसूदनरावांनी खिडकीतून पाहिलं. विमान समोर उन्हात उभं होतं. आणि साकेत त्यांच्या पुढ्यात बसून बशीत चहा ओतत होता.

"नजीर, काय बोलून राह्यला तू? तो तर इथंच आहे."

"मजाक नोका करू, भाऊ. माह्यासमोर बसला आहे. चहाले हात नाही लावून राह्यला. उतरल्यापासून एकच म्हणते, निघताना काकाले चुकून 'जातो' म्हटलं."

मधुसूदनरावांनी फोन खाली ठेवला आणि किटली उचलली.

"साकेत, बस बाबा जरासा. अजून चहा टाकतो."

साकेतनं बशी खाली ठेवली, टोपी उचलली आणि दारात पोचून हसत वळला.

"आता नको, काका. उशीर झाला. जातो."