मानगुटीला धरता येईल असा एजंट

शिंपीकाकांच्या फ्लॅटचं छत इतकं गळे की गिऱ्हाइकाचे कपडे शिवून होण्याआधीच धुऊन होत. वरच्या नव्या भाडेकरूचं तोंडही काकांनी पाहिलं नव्हतं. पाणी ठिबकलं की काका झाडूच्या दांड्याने छत ठोकत, एवढंच काय ते दोघांचं बोलणं.

गिऱ्हाइकं तुटायला लागली तशा काकू कावल्या. "आता तरी घराचा विमा उतरवा! आणि फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' करणारे नकोत हं. हाक मारली की दारात येईल, मानगुटीला धरता येईल, असा जवळपासचा एजंट बघा."

काकांनी बाजारभर चपला झिजवल्या. शेवटी किराणा दुकानाच्या काचेवर एकाचं कार्ड दिसलं. घरी येऊन ते मशीनपाशी मटकन बसले आणि त्यांनी फोन लावला. एजंट मधाळ निघाला.

"शेजाऱ्यांचं नावच काढू नका, काका. मीही त्यातलाच पोळलेला! माणसाने स्वतःच्या घरात आंघोळसुद्धा करायची नाही का हो?"

"खरंय बाबा," काका कळवळून म्हणाले. इतक्या दिवसांत कुणीतरी आपलं माणूस भेटलं होतं.

तेवढ्यात शिवायला घेतलेल्या कोटाच्या कॉलरवर टपकन थेंब पडला. काकांनी फोन कानाला तसाच धरून, सवयीने झाडू उचलला आणि छत ठोकलं.



"ऐकलंत ना, काका? झाला बघा खालचा म्हातारा सुरू!"