काळ्या झग्याआड

सर रोलंड घोड्यावरून पडून वारले आणि बॅरोनेटची पदवी धाकट्या भावाकडे येणार, एवढ्यात विधवेला दिवस गेल्याची बातमी आली. मुलगा झाला, तर पदवी त्याची. धाकट्याची बायको ऑनोरिया तेव्हापासून जावेच्या पोटावर डोळा ठेवून होती. “उशी बांधलीय मेलीनं! इतकी वर्षं कूस उजवली नाही, नवरा गेल्यावर बरी उजवली!” “अगं, ऐकेल ती,” नवरा म्हणाला. “ऐकू दे. आज सोक्षमोक्षच लावते.” निघताना बग्गीपाशी “जप हं, लेटिस,” म्हणत तिनं जावेला करकचून मिठी मारली, पोटाला पोट भिडवलं. काळ्या झग्याआडून सणसणीत लाथ बसली. बग्गीत नवऱ्यानं डोळा मिचकावला. “काय गं, पिसांची की लोकरीची?”  तीन मुलीच पदरात टाकल्या म्हणून देवावर जन्माची रुसलेली ऑनोरिया हात जोडून पुटपुटत होती, “देवा, हिलाही मुलगीच दे.”