एसिनामचा उपास

झिफानं नवरा पळवला, तेव्हापासून एसिनाम दर शुक्रवारी उपास करायची. "प्रभो, तुझ्या भरवशावर सोसतेय. तू फक्त तिचा पाय मोड." रविवारी केटा गावच्या चर्चमध्ये बायका नाचत नाचत दानपेटीकडे निघाल्या आणि झिफा धपकन आपटली. "पाय मोडला गं बाई!" "हालेलुया!" एसिनाम बेंबीच्या देठापासून ओरडली. पाळकबाबांना गहिवरून आलं. "बघा, संकटातही देवाची स्तुती! हिचाच विश्वास खरा. झिफाची सेवा हीच करणार!" टाळ्या पडल्या. नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी एसिनाम झिफाच्या अंगणात उखळात उकडलेल्या कंदांचं फुफू कुटत उभी होती. खाटेवरून झिफा म्हणाली, "ताई, गुठळ्या राहिल्यात हं. यांना मऊ लागतं." "मला सांगतेस? इतकी वर्षं मीच गिळायला घातलंय त्याला!" मुसळ टेकवून तिनं डोळे मिटले. "प्रभो, हिचा पाय आधी बरा कर. मोडायचं मग बघू."